शिवेवरचा नारळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक घर बांधा. हे घर लोखंडाचं आहे. आपली शाळा, शाळेमागचं मैदान आणि पलीकडचं देऊळ एका ओळीत ठेवा, तेवढं लांब. त्याला पाया नाही, खाली नुसतं पाणी. वरच्या मजल्यावर पांढऱ्या चादरींचे पलंग आहेत, सकाळी तिथे पियानो वाजतो. आणि अगदी खालच्या मजल्यावर, उघड्या लोखंडी जमिनीवर, माणसं आहेत. गठडी, ट्रंका, पाटे-वरवंटे, लोणच्याच्या बरण्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत धावणारी पोरं. आता त्या गर्दीत एक मुलगी शोधा. दहा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर एक नारळ घट्ट धरून बसलेली. समोर एक माणूस उभा आहे आणि गोड बोलून तिच्याकडे तो नारळ मागतो आहे. ती त्याच्याकडे बघते आहे आणि मनात म्हणते आहे, ये, तुझीच वाट बघत होते.

ती मुलगी मी. आता डोळे उघडलेत तरी चालेल.

त्या बोटीचं नाव ‘सोनारा’. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. सोनारा तेव्हाच जुनी होती. लढाईत तिने सैनिक वाहिले होते, लढाई संपल्यावर नवा रंग लावून ती मुंबईहून आफ्रिकेला मोंबासा बंदरात कुटुंबं नेऊ लागली. शिंपी, सुतार, फिटर, मास्तर, त्यांच्या बायका आणि मुलं. पुष्कळांनी आफ्रिकेची पहिली झाडं तिच्याच कठड्यावरून पाहिली. पुढे फार म्हातारी झाल्यावर ती मुंबईत दारूखान्याच्या किनाऱ्याला लागली आणि भंगारवाल्यांनी तिचे तुकडे केले. तुमच्या घराच्या एखाद्या बिजागरीत तिचं लोखंड असेलही. पण मी सांगते ते तिच्या चांगल्या दिवसांतलं.

आम्ही तिघं होतो. आई, मी, आणि माझा भाऊ दिगू. बाबा मोंबासाच्या गोदीत फिटर होते. ते गेले तेव्हा दिगू आईच्या पोटात होता. आता त्याला दात येत होते, आणि बाबांनी त्याला अजून पाहिलं नव्हतं. आईने गावाहून एक शेंडीचा नारळ आणला होता. नव्या घराच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा तोच फोडायचा, असं तिने ठरवलं होतं. बोटीत चढल्यापासून तो मी सांभाळत होते.

खालच्या मजल्यावर जागा नेमून दिलेली नसे. जो आधी पोचेल त्याने पथारी टाकायची. आईने मालवणहून मुंबईला येताना छोट्या आगबोटीत पुरेसं शिक्षण घेतलं होतं. ती दिगूला काखेत मारून पळत सुटली आणि तिने सगळ्यात चांगली जागा धरली. तिथे छतातून पत्र्याचा एक जाड पाइप खाली आला होता. वरच्या डेकवर त्याचं तोंड नरसाळ्यासारखं वाऱ्याकडे वळवलेलं असे, आणि खाली आमच्या डोक्यावर गार वारा पडे. बाकी सगळीकडे भट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरीभाऊ आले. आमच्याच मुलखातले, कुडाळकडचे. मोंबासाला त्यांची तिसरी खेप. हिंदुस्थानी बोलत, थोडं इंग्रजी बोलत, आणि त्यामुळे आमच्या मजल्यावरचे सगळे मालवणी लोक त्यांना पुढारी मानत. पायात कोल्हापुरी वहाणा, चालताना करकर वाजणाऱ्या. ते आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “वैनी, ही जागा माका व्हयी होती. माझ्या बायलेक उकाडो सोसना नाय.”

आई म्हणाली, “भाऊ, तान्हां पोर आसा माझ्याकडे. तेका घेवन मी खय जाव?”

“थय शिडीखाली जागा आसा.”

“शिडीखाली इंजिनाची वाफ येता. माका नाय जमाचां.”

धुरीभाऊ हसले. “बरां, बरां. ऱ्हवा,” म्हणाले आणि करकर करत गेले. मला वाटलं, विषय संपला.

त्या दिवशी दुपारी मी पाणी भरायला नळावर गेले होते. नळाच्या पलीकडे, खांबाआड, धुरीभाऊ आणि बोटीवरचा कंपाउंडर मिनेझिस बोलत होते. मिनेझिस गोव्याचा, त्यामुळे बोलणं मला सगळं कळलं. धुरीभाऊ दिगूबद्दल म्हणत होते, “त्या पायपाखालच्या बायचो झील बघा. आंगार पुरळ इलीहा. तिच्या गावात देवीची साथ आसा, माका ठावक आसा. उद्या सगळ्या बोटीक लागात.”

मुलांनो, तुम्हाला देवी हा रोग माहीत नाही, हे तुमचं नशीब. अंगभर फोड यायचे, माणसं मरायची, वाचली तर तोंडावर खड्डे राहायचे. बोटीवर तर त्या नावाने कप्तानसुद्धा घाबरून उभा राही. आणि आमच्या गावात साथबीथ काही नव्हती. दिगूच्या अंगावर होतं ते घामोळं, आणि अंग जरा गरम होतं ते दातांमुळे.

कळशी तिथेच टाकून मी पळत आले, पण डॉक्टर माझ्यामागोमाग आलाच. त्याने दिगूचा दंड पाहिला. दिगूला देवीची लस टोचली होती, पण तिचा व्रण नीट उठला नव्हता. डॉक्टरने आईला काही विचारलं. आईला ती भाषा येईना. मग दुभाषी म्हणून पुढे कोण आलं, ते सांगायला नको.

आईला आणि दिगूला बोटीच्या मागच्या टोकाला आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या दंडावरचा व्रण चांगला ठसठशीत होता, म्हणून मला खालच्या मजल्यावरच राहू दिलं. मी मिनेझिसचा हात धरून सांगितलं की धुरीभाऊ खोटं बोलले. तो म्हणाला, तुझ्याच मुलखातला थोर माणूस असं कशाला करेल, पोरींनी मोठ्यांबद्दल असं बोलू नये.

आणि आता सगळ्यात वाईट ऐका. पोरीला एकटी कशी ठेवायची, म्हणून मला धुरीभाऊंच्याच बायकोच्या हवाली केलं. संध्याकाळपर्यंत त्यांची पथारी पाइपाखाली आली. मी माझ्याच जागेत, ज्याने ती लाटली त्याची पाहुणी होऊन झोपले.

बोटीवर इस्माईलचाचा म्हणून एक टांडेल होता, म्हणजे खलाशांचा नाईक. रत्नागिरीकडचा, पांढऱ्या दाढीचा. मी दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांच्या खोलीच्या दाराशी रडत बसले होते तेव्हा तो भेटला. मला आत सोडत नव्हते, दाराच्या गोल काचेतून आईचा हात तेवढा दिसे. त्याने चौकशी केली आणि मला खरंखुरं सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. डॉक्टरलाही घामोळंच वाटतंय, तो म्हणाला. पण गावात साथ आहे असं ज्याच्याबद्दल कळलंय, त्याचं नाव डॉक्टरला बंदरावर द्यावंच लागणार. मोंबासाचा डॉक्टर कडक. तो त्यांना उतरू देणार नाही. याच बोटीने परत मुंबई.

“आणि माझे बाबा?”

“ते धक्क्यावरून बघतील,” इस्माईलचाचा म्हणाला. “लांबून.”

मी त्याला विचारलं, धुरीभाऊंनी ‘मी खोटं बोललो’ असं सांगितलं तर? तो म्हणाला, तर सुटले. पण असं कोण सांगतो, बेटी?

त्या दिवशी धुरीभाऊ आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांची एक वहाण उचलली आणि समुद्रात टाकली. एकच. दोन्ही टाकल्या असत्या तर माणूस म्हणतो, गेल्या, नव्या घेऊ. एक उरली की तो शोधत राहतो. धुरीभाऊंनी ती तीन मजले शोधली. ट्रंकांखाली वाकले, पोरांना दरडावलं, भंडाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या, चुलीमागे बघून आले. उरलेली एक त्यांनी गठड्यात जपून ठेवली आणि तापलेल्या लोखंडावर अनवाणी टुणटुण उड्या मारत हिंडू लागले. मला फार बरं वाटलं. पण पोटात जे पेटलं होतं त्याला ते पुरणार नव्हतं.

त्यांची बायको शेवंतीकाकी मात्र माझ्याशी चांगली वागे. याचाच मला राग येई. ती मला आपल्या ताटातला भात काढून देई, वेण्या घालून देई. ती दिवसभर उलट्या करी, सगळे म्हणत बोट लागली. एकदा तिने माझ्याकडे चिंच मागितली, आमच्या गठड्यात होती ती. चिंच चोखता चोखता ती हळूच म्हणाली, “कोणाक सांगा नको हां, बाय. माका दिवस गेलेहत. आधी दोनदा ऱ्हवले नाय. म्हणान ह्येंका घोर लागलोहा. वारो व्हयो, वारो व्हयो म्हणान माझ्यासाठी जागा शोधीत फिरत होते.”

ती हे सांगताना लाजत होती. नवरा आपल्यासाठी किती करतो, हे तिला कोणाला तरी सांगायचं होतं. त्याने काय केलं ते तिला ठाऊक नव्हतं.

आमचे मास्तर म्हणत, ऐकलेलं नीट ठेवून द्यावं, कधी ना कधी उपयोगी पडतं. मी ते ठेवून दिलं.

मग एका सकाळी बातमी आली की दुपारी बोट समुद्राची मधली रेघ ओलांडणार. पृथ्वीच्या कमरेभोवती असते ना, विषुववृत्त, ती. वरच्या मजल्यावर साहेबलोकांचा दंगा सुरू झाला होता. इस्माईलचाचा सांगत होता, एकाला सुंभाची दाढी लावून समुद्राचा राजा केलंय, आणि जे पहिल्यांदा रेघ ओलांडतात त्यांना साबण फासून हौदात बुडवतात. आमच्या मजल्यावर हे सगळं ऐकून कोणी हसलं नाही. आमच्या लोकांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला.

आमच्या मुलखात प्रत्येक गावाला शीव असते, आणि शिवेवर राखणदार. दिसत नाही, पण असतो. नवी माणसं शीव ओलांडून जाणार असतील तर त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने त्याची विनवणी करायची, आणि मग पुढे पाऊल टाकायचं. नाही दिलं तर पुढे जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. भिकाजी मेस्त्री म्हणून एक वयस्क सुतार होते, ते म्हणाले, “म्हणजे ही समुद्राची शीवच म्हणायची. आणि इतक्या मोठ्या शिवेचो राखणदार केवढो आसात.” झालं. सगळ्या बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

गाऱ्हाणं कोणी घालायचं यावर थोडी बोलाचाली झाली, आमच्याकडे ती व्हावीच लागते. धुरीभाऊ म्हणाले, गावच्या देवळात मान आमच्या घराण्याचा आहे, आणि ही शीव मी आधी ओलांडली आहे. मान त्यांना मिळाला. मग नारळ कोणाकडे आहे याची शोधाशोध झाली. खोबऱ्याच्या वाट्या होत्या, सोललेले नारळ होते, पण राखणदाराला शेंडीचाच लागतो. आणि अख्ख्या मजल्यावर शेंडीचा नारळ एकच होता.

तर असे धुरीभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते, अनवाणी.

“यमू बाय, तुझ्या नारळाचो मान आज,” ते म्हणाले. “देतस मां?”

मी म्हटलं, “देतंय. पण नारळ माझो, म्हणजे मागणां पण माझां.”

हे मी मनचं सांगितलं नव्हतं. आमची रीतच तशी आहे. आधी सगळ्यांचं मागणं होतं, आणि शेवटी ज्याचा नारळ त्याचं. नारळवाला कानात सांगतो, गाऱ्हाणं घालणारा ते मोठ्याने राखणदाराला सांगतो. त्याने शब्द बदलायचा नसतो.

“तां तर होयाच,” धुरीभाऊ हसून म्हणाले. “आवशीसाठीच मागशीत ना? माग.”

दुपारी आम्हा सगळ्यांना पुढच्या डेकवर कठड्यापाशी जाऊ दिलं. ऊन डोक्यावर होतं, समुद्र तेलासारखा सपाट. पंचवीस-तीस कुटुंबं, बायका डोक्यावर पदर घेऊन, पुरुष टोप्या घालून. शिडीवर गंमत बघायला मिनेझिस उभा होता. मी त्याला पाहिलं, आणि तो तिथे आहे याची मनात नोंद केली. माझ्या शेजारी शेवंतीकाकी उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर.

धुरीभाऊंनी नारळ दोन्ही हातांत धरला. त्यांचा आवाज मोठा होता आणि गाऱ्हाणं त्यांना येतही चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

“बा शिवेच्या राखणदारा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” सगळे एका सुरात म्हणाले.

“आज ही तुझी लेकरां घरदार सोडून, पोटासाठी तुझी शीव वलांडून जातत म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“तेंच्या हातसून काय चुकलां माकलां आसात तर पोटात घाल म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“ही बोट सुखरूप पार कर, परमुलखात हातांका काम मिळांदे, पोराबाळांका सुख लाभांदे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाण्याची एक लय असते. एकदा माणसं त्या लयीत शिरली की समोरचा काय म्हणतो ते ऐकतही नाहीत, तो थांबला की ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. धुरीभाऊंनी मान खाली करून कान माझ्याजवळ आणला.

मी कानात म्हटलं, “आमच्या गावात देवीची साथ नाय.”

ते वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, घसा साफ केला आणि म्हणाले, “ह्या चेडवाच्या आवशीक बरां वाटांदे म्हाराजा…”

आईला बरं वाटू दे, असं मी म्हटलंच नव्हतं. कोणी ‘व्हय’ म्हणायच्या आत मी मोठ्याने म्हणाले, “मी तसां नाय सांगलंय.”

भिकाजी मेस्त्री म्हणाले, “भाऊ, नारळ तिचो. ती सांगात तसांच बोला. शिवेर उभे आसो आपण.”

धुरीभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मुलांनो, तो माणूस देवाधर्माला खोटं मानणारा असता तर हसून मोकळा झाला असता. पण तो आमच्यातलाच होता. गाऱ्हाण्यात शब्द बदलणं म्हणजे काय, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्याने समुद्राकडे पाहून म्हटलं, “हिच्या गावात देवीची साथ नाय म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

शिडीवरच्या मिनेझिसने मान वळवली.

मी पुन्हा कानात सांगितलं. त्यांचा आवाज आता सुकला होता. “तरी कोणीतरी दाक्तराक खोटां सांगलां म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.” यावेळी आवाज थोडा विखुरलेला आला. काही जण एकमेकांकडे बघू लागले होते. शेवंतीकाकीचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

तिसरं वाक्य मी त्या सकाळी, तिच्याच शेजारी नारळ धरून बसले असताना, तयार केलं होतं. पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाठ केलं होतं, पाढा करावा तसं. मी टाचा उंच केल्या आणि त्यांच्या कानात म्हणाले, “जेणी खोटां सांगलां, तेका तेच्या पोटच्या पोराचां तोंड दिसा नये.”

धुरीभाऊंचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. कपाळावरचा घाम ओघळून भुवईत थांबला होता. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कळलं होतं की काकीला दिवस गेलेत हे मला माहीत आहे. त्यांच्यामागे सगळा मजला तोंड किंचित उघडं ठेवून उभा होता. ते काहीही म्हणाले असते तरी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं असतं.

“पोरी,” ते अगदी हळू म्हणाले, “ह्यां नको.”

“माझ्या बापाशीन पण दिगूचां तोंड बघूक नाय अजून,” मी म्हटलं. “बोला.”

त्यांनी शेवंतीकाकीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पोटावर धरले होते. मी कानात काय म्हटलं ते तिने ऐकलं नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला सगळं समजलं होतं.

धुरीभाऊंनी नारळ माझ्या हातात परत दिला. मग शिडीकडे वळले आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात नाही, साध्या, पडलेल्या आवाजात मिनेझिसला म्हणाले, “तां मीच सांगलंय. खोटां सांगलंय. तेंच्या गावात साथ नाय. माका ती जागा व्हयी होती.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

मागच्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, ते सवयीने म्हणाले. पुढचे का म्हणाले, ते मला ठाऊक नाही. त्याच वेळी वर बोटीचा भोंगा वाजला, लांबच लांब, आणि साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही शीव ओलांडली होती.

मिनेझिस धुरीभाऊंना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई दिगूला घेऊन बाहेर आली. दिगूचं घामोळं सुकलं होतं आणि खालचा एक दात वर आला होता.

त्यानंतर मजल्यावर धुरीभाऊंशी कोणी बोललं नाही. ते नळावर गेले की लोक कळश्या उचलून बाजूला होत. ते शिडीखाली, इंजिनाच्या वाफेत जाऊन बसू लागले. शेवंतीकाकी त्यांच्यामागून आपलं गठडं उचलून निघाली, तेव्हा आईने तिला थांबवलं. “तू खय चललंस? हय नीज,” आई म्हणाली आणि पाइपाखाली तिच्यासाठी जागा केली. मी आईवर रुसले. मला वाटलं होतं, आता तरी ती जागा पुरती आमची.

पण एक गोष्ट तशीच राहिली होती. गाऱ्हाणं अर्धं सुटलं होतं. भिकाजी मेस्त्रींनी खोबऱ्याची एक वाटी समुद्रात सोडून राखणदाराची समजूत घातली, पण माझा नारळ माझ्याकडेच होता आणि माझं तिसरं वाक्य कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं की मोडलंही नव्हतं. आमच्याकडे अर्धं गाऱ्हाणं फार वाईट. नारळवाला कधीही ते पुरं करू शकतो. शेवंतीकाकीने मला काही विचारलं नाही. फक्त ती जेवेनाशी झाली, आणि मी नारळ घेऊन कठड्याकडे गेले की ती उठून माझ्यामागे यायची आणि थोडी लांब उभी राहायची. मी कधीकधी मुद्दाम जात असे.

आईच्या हे लक्षात आलं. तिने मला समोर बसवलं आणि सगळं विचारलं, कानातल्या वाक्यासकट. मला वाटलं मारणार. तिने दिगूला थोपटून निजवलं. मग म्हणाली, “नारळ घरासाठी होतो, पण तो आता तुझो झालो. काय करूचां तां तू ठरव. माका विचारू नको.”

मोंबासा आलं तेव्हा आधी ताडांची एक रांग दिसली, मग पांढऱ्या भिंती, मग धक्का. सगळे कठड्याला लोंबकळले. आईने मला बाबा दाखवले. डोक्यावरची टोपी काढून ती हवेत हलवत होते, आणि आईने दिगूला दोन्ही हातांनी उंच धरल्यावर त्यांचा टोपीचा हात वरच थांबला. ते तसेच उभे राहिले. लांबून नाही, जवळून. मधे फक्त एक शिडी उरली होती.

मी मागे वळले. शेवंतीकाकी ट्रंकेजवळ उभी होती. ती धक्क्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या नारळाकडे बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“बाय,” ती म्हणाली, “तां पुरां करतलंस?”

लग्न न झालेल्या पोरीने कोणाची ओटी भरायची नसते, हे मला ठाऊक होतं. पण रीत मोडायला आता मी घाबरत नव्हते. मी म्हटलं, “पदर धर.” तिला आधी कळलं नाही. मग तिने पदर पसरला आणि मी तो शेंडीचा नारळ त्यात ठेवला. ती तिथेच ट्रंकेवर बसली आणि नारळ पोटाशी धरून रडू लागली.

धुरीभाऊ हे बघत होते. त्यांनी सामान खाली ठेवलं, माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, “तुझे उपकार जाले गो, बाय. आता आमचां काय भांडाण नाय.”

त्यांच्या गठड्याची गाठ सुटली होती आणि वरच, कागदात गुंडाळून जपलेली, त्यांची उरलेली वहाण दिसत होती. खाली धक्क्याचा दगड उन्हात तव्यासारखा तापला होता, अनवाणी हमाल भराभर पाय उचलत होते. बाजारात कोणा चांभाराकडे नेऊन हिच्यासारखीच दुसरी करून घेऊ, असं ते आदल्या दिवशी काकीला सांगत होते.

मी ती वहाण उचलली, कठड्यापाशी गेले आणि तिला तिच्या जोडीदारणीकडे पाठवून दिलं. मग दोन्ही हात वर करून बाबांना हाक मारली.